थोरला हितंच बसलाय

दोन वर्षांपूर्वीच्या पंधरा ऑगस्टला मी आजोळी होतो. सातारा जिल्ह्यातलं गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते कुठल्याही गावात घडू शकतं, घडतंही. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि ग्रामपंचायतीसमोरच्या चिखलावर सकाळीच एक ट्रॉली मुरूम टाकलेला. झेंडावंदन वेळेवर झालं. शाळेची पोरं कवायत करून खाली बसली आणि माइकवर घोषणा झाली, की आता वीरमाता-वीरपत्नींचा सन्मान होईल.

त्याआधी अर्थातच मान्यवरांचा सन्मान झाला. स्टेजवर सतरा खुर्च्या, सतरा शाली, सतरा नारळ आणि दर शालीला एक फोटो. मग प्रास्ताविक. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, त्यात सीमेवरच्या बर्फापासून गावच्या रखडलेल्या नळपाणी योजनेपर्यंत सगळं येऊन गेलं. ऊन चढलं. स्टेजला मंडप होता. खाली पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेल्या म्हातारीच्या डोक्यावर काही नव्हतं. सव्वा तासानं तिची पाळी आली. सूत्रसंचालकानं आवाज चढवून तिच्या गेलेल्या मुलाचं नाव पुकारलं, पोरांनी ‘अमर रहे’चा गजर केला. म्हातारी जागची हलली नाही. शेजारणीनं दंड धरून उठवायला पाहिलं तेव्हा म्हणाली, ‘‘त्यो थोरला. थोरला हितंच बसलाय. माझा धाकला गेला.’’

थोरला खरोखरच मागं पारावर बसला होता. काही पोरं हसली, त्यानं मान खाली घातली. मग चूक दुरुस्त झाली, शाल दिली गेली, फोटो निघाला. फोटोत म्हातारी कॅमेऱ्याकडं न बघता शालीच्या काठाकडं बघते आहे. पुढं आभारप्रदर्शन आणि जिलेबी.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की नावांची चिठ्ठी आदल्या रात्री घाईघाईत मतदार यादीवरून केली होती. मतदार यादीत मेलेल्याचं नाव कशाला असेल? असतं ते जिवंत भावाचं. त्या कुटुंबात एकच पुरुष दिसला, तोच शहीद ठरला. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. फ्लेक्सवरच्या बारा शुभेच्छुकांच्या नावात मात्र ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नव्हती, कारण ती नावं तीन वेळा तपासली गेली होती.

तर माझं म्हणणं असं आहे. राष्ट्रीय सणाच्या दिवशी गेलेल्या सैनिकांसाठी गावानं करायचं काम एकच: त्यांची नावं नीट घेणं. सगळ्यांची, पूर्ण, कुठं आणि कधी गेले ते सांगून. स्टेजवरचे सत्कार बंद झाले तर कुणाचं काही बिघडणार नाही, आणि बिघडलं तर ते सैनिकाच्या घरचं नक्की बिघडणार नाही.

दिल्लीनं आपल्या वाट्याचं काम केलेलं आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. तिथं ग्रॅनाइटच्या विटांवर सोनेरी अक्षरांत २५,९४२ नावं होती. १९७२ च्या प्रजासत्ताक दिनापासून पंतप्रधान इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीपाशी जात असत, २०२० पासून ते या स्मारकावर जातात. तिथं नाव आहे, नंबर आहे, पलटण आहे. हा दोघा भावांतला धाकला, हे मात्र त्या भिंतीला माहीत असायचं कारण नाही. ते माहीत असायचं ठिकाण गाव. तिथंच ते हुकलं तर दिल्लीतल्या विटेवर नाव बरोबर असून काय उपयोग?

नाव न घेण्याची ही खोड आपल्याकडं जुनी आहे. महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात जा, पिंपळाखाली शेंदूर फासलेले वीरगळ टेकवून ठेवलेले दिसतील. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील. पण कुणाची कीर्ती? कर्नाटकात अशा शिळांवर लेख पुष्कळ सापडतात, आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नाही. कोरणाऱ्याला आणि गावाला तेव्हा माहीत होतं हा कोण ते, लिहायची गरज वाटली नसेल. चार पिढ्यांत तो माणूस विसरला गेला आणि उरला शेंदूर. मी अशा एका शिळेवर बायकांना मुलाच्या खोकल्यासाठी नवस बोलताना पाहिलं आहे. देव झाला बिचारा, पण नाव गेलं.

मग आले इंग्रज. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या चावड्यांच्या आणि शाळांच्या भिंतींवर त्या अजून आहेत. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक इतके लोक गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. आकडा तेवढा बदलायचा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. आज त्या गावाला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. ४६ हा आकडा साताऱ्यात पुष्कळांना पाठ आहे, त्यांतली चार नावं किती जणांना सांगता येतील, हा प्रश्न मी विचारत नाही, मलाच येत नाहीत.

हा आकड्यांचा हिशेब गावापुरता राहिला नाही. आपल्याकडची पुष्कळ माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडली. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात जी डिव्हिजन अडकली तिचं नावच पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली. त्या आघाडीवर ज्यांना थडगं मिळालं नाही अशांसाठी बसरा इथं स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावं आहेत. तिथं येणारे-जाणारे बघणार होते ना! ज्या संस्थेकडं ही स्मारकं आहेत त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं एप्रिल २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. आपण आपल्या चावडीवरच्या पाटीसाठी कुणाची माफी मागायची? ती तर स्वातंत्र्यानंतरची पंचाहत्तर वर्षं आपल्याच ताब्यात आहे.

नाव कोरल्यानं काय होतं याचा एक दाखला भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर भांडणं आहेत आणि ती पुढंही राहतील, मी त्यात शिरत नाही. पण कंपनी सरकारनं उभारलेल्या त्या स्तंभावर साध्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांतली २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययामुळं महार शिपायांची म्हणून ओळखता येतात. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. आज तिथं लाखो लोक जातात. तिथं नुसता ‘इतके पडले’ असा आकडा असता, तर इथं आपलं माणूस पडलं हे कुणाला कशावरून कळलं असतं?

इथं हमखास एक आक्षेप येतो: इंग्रजांसाठी मेलेल्यांची नावं स्वातंत्र्यदिनी कशाला? आक्षेप खोटा नाही. माण-खटावसारख्या दुष्काळी मुलखातला तरुण पलटणीत गेला तो बादशहाच्या प्रेमानं गेला नाही. शेतात पिकत नव्हतं म्हणून गेला. पण मी कौतुक करा म्हणतच नाही, नाव घ्या म्हणतो. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नाईक १० जुलै १९४४ ला इटलीत पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पुतळ्यापाशी कुणी हा प्रश्न काढत नाही, कारण तिथं नाव आहे, चेहरा आहे. प्रश्न पडतो तो बिननावाच्यांबद्दलच.

आता गेलेल्यांत कोण मोजायचं, हे. सरकारला वर्ग पाडावे लागतात. लढाईत गेला तर ‘बॅटल कॅज्युअल्टी’, आजारानं किंवा साध्या अपघातानं गेला तर ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, आणि पेन्शनपासून अनुदानापर्यंत सगळं त्यावर ठरतं. पैशाचा मामला आहे, नियम हवेत. पण गावानं तीच चाळणी का लावावी? फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला हिमस्खलनात दहा जण गेले, त्यांत एक सातारा जिल्ह्यातला. समोर शत्रू नव्हता, बर्फ होता. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, गडचिरोलीत भूसुरुंगानं पंधरा पोलीस जवानांचा बळी घेतला. ते सैन्यात नव्हते. २००८ मध्ये कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, पोलीस खात्यातले. शहीद म्हणावं, हुतात्मा म्हणावं की वीरमरण, हा वादही मला दुय्यम वाटतो. सैन्य स्वतः अधिकृतपणे शहीद हा शब्द वापरत नाही. आणि छावणीत ज्यानं स्वतःच्या हातानं जीव दिला त्याच्या घरी तर पंधरा ऑगस्टला कुणी फिरकत नाही. तोही त्याच गाडीनं भरतीला गेला होता. यादीत तोही हवा. हे काहींना पटणार नाही, ठाऊक आहे.

‘माझी माती माझा देश’ मोहिमेत ऑगस्ट २०२३ ला ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. कल्पना चांगली होती, अगदी मला हवी तीच: गावातल्या वीरांची नावं गावात. आमच्या आजोळच्या फलकावर तीन नावं आली. गावात विचारत गेलो तर अकरा निघाली. श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेत गेलेला एक सुटला, कारण ‘ते आपलं युद्ध नव्हतं’. ट्रक दरीत कोसळून गेलेला एक सुटला. दुसऱ्या महायुद्धातले दोघं कुणाला आठवलेच नाहीत. फलक वेळेत बसवायचा होता आणि फोटो वर पाठवायचा होता, एवढंच त्याचं कारण.

शालीकडं परत येतो, कारण शालीतली गोम मला जास्त टोचते. वीरगळांच्या शेजारी पुष्कळदा आणखी एक शिळा असते, सतीशिळा. कोपरात वळलेला एक उभा हात आणि मनगटात बांगड्या. लढाईत पडलेल्याच्या बायकोचं काय करायचं, याचं त्या काळच्या समाजानं दिलेलं ते उत्तर होतं. आपण ते टाकून दिलं, चांगलंच झालं. मग आपलं उत्तर काय? प्रजासत्ताक दिन बहुतेक वर्षी संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मधे येतो. म्हणजे हळदीकुंकवाच्या ऐन दिवसांत. सव्वीस तारखेला सकाळी जिला ‘वीरपत्नी’ म्हणून स्टेजवर चढवून टाळ्या वाजवायच्या, तिलाच त्या संध्याकाळी गल्लीतल्या हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. सकाळी ओटीत नारळ घालणारी सरपंचबाई संध्याकाळी वाणाच्या डब्या वाटताना तिचं दार टाळून पुढच्या दाराला जाते. हे मी कल्पनेनं लिहीत नाही, एका घराच्या ओसरीवर बसून पाहिलं आहे. घरातली बाई आत चहा करत होती आणि भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता.

शिरोळ तालुक्यात दोन गावं आहेत. एक सैनिक टाकळी, घराघरात सैनिक म्हणून नावाजलेलं. दुसरं हेरवाड. या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव हा ठराव, त्यानं मनं एका दिवसात बदलत नाहीत. तरी विचाराल तर सैनिकाच्या विधवेचा सन्मान म्हणून आजवर महाराष्ट्रात एखाद्या ग्रामपंचायतीनं सगळ्यात मोठी गोष्ट केली असेल तर ती हेरवाडनं, आणि त्या ठरावात सैनिकासाठी वेगळं काही नव्हतं.

माझ्या या म्हणण्याला एका बाईनं दिलेलं उत्तर मला खोडता आलेलं नाही. तिचा नवरा काश्मीरमध्ये गेला त्याला बारा वर्षं झाली. ती म्हणाली, ‘‘भाऊ, तुम्हाला शाल नकोशी वाटते, कारण तुम्हाला चारचौघात मान मिळतोच. मला वर्षातनं दोनदा साडी नेसून स्टेजवर जाता येतं, सासूला घरी बसून बघावं लागतं. तेवढं काढून घेऊ नका.’’ पेन्शनचे आणि अनुदानाचे पैसे सुनेचे की आईबापांचे, या भांडणात कित्येक घरं फाटली आहेत. त्यात गावासमोर मिळालेला तो नारळ म्हणजे तिच्या हक्काची पावती होती. हे मला आधी दिसलं नव्हतं. तेव्हा सत्कार सरसकट बंद करा हे माझं मघाचं वाक्य थोडं मागं घेतो. जिला यायचं आहे तिनं यावं, पण तिला विचारून. आणि मान्यवरांच्या शालींपुरतं माझं वाक्य आहे तसंच राहू द्या.

‘निदान एवढं तरी करतात’ हे दुसरं उत्तर मात्र मला मान्य नाही. एवढं करतात म्हणूनच दुसरं काही करायचं राहून जातं. सव्वा तासाचा कार्यक्रम झाला, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अडकलेल्या कागदासाठी तिच्याबरोबर जाणारा कुणी उरत नाही, कारण गावानं तिचं देणं देऊन टाकलेलं असतं. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचं तिकीट छातीला लावून जसं वर्षभराचं भागतं तसंच.

करायचं ते फार अवघड नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला ग्रामसभा घ्यायची प्रथा आहेच. झेंडावंदनानंतर, भाषणांच्या आधी, उभं राहून नावं वाचायची. पूर्ण नाव, वस्ती किंवा वाडी, पलटण, कुठं गेले, कोणत्या साली. आमच्या आजोळी गेल्या वर्षी शाळेतल्या एका गुरुजींनी सातवीच्या पोरांना या कामाला लावलं. पोरं घरोघर फिरली, पत्र्याच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात लिहिलेले नंबर उतरवून आणले, जुनी पेन्शनबुकं पाहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी आता इंटरनेटवर नावानं, पलटणीनं शोधता येते आणि पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढं बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. त्या यादीत पोरांना बसऱ्याला गेलेला एक जण सापडला. गावाचं नाव इंग्रजांनी इतकं विचित्र लिहिलं होतं, की एका पोरीनं मोठ्यानं तीनदा म्हटल्यावर उलगडा झाला. चावडीवरच्या पाटीवर आकडा पाच आहे. एक सापडला, चार बाकी आहेत.

बारा नावं झाली. गुरुजींनी घड्याळ लावून वाचून बघितलं तर सावकाश वाचून सहा मिनिटं लागतात. सरपंचांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, कार्यक्रम फार लहान वाटेल. मग जरा विचार करून म्हणाले, ठीक आहे, पण वाचणार कोण? सूत्रसंचालकाला पुन्हा द्यायला कुणाची तयारी नव्हती. ठरलं असं, की ज्याच्या त्याच्या घरचं कुणीतरी वाचेल आणि ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांची नावं सातवीची पोरं वाचतील.

थोरल्याला विचारायला मीच गेलो. गोठ्यात धार काढत होता. माइकवर बोलायची सवय नाही म्हणाला. बोलायचं काही नाही, नाव तेवढं घ्यायचं, असं मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. चरवी बाजूला ठेवून म्हणाला, ‘‘त्याचं आख्खं नाव मी कधी घेतलंच न्हाई. धाकल्या म्हणायचो.’’